दोन संगणकांतील पोच : घरच्या दस्तऐवजांचे स्थलांतर आणि एक लहानशी आज्ञावली

संगणक आपल्या घरांत येऊन आता एक पिढी उलटली आहे. २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले, एमएस-सीआयटीचे वर्ग गावोगावी निघाले, आणि ज्या घरांत पूर्वी टंकलेखनयंत्रही नव्हते त्या घरांत हप्त्याने का होईना संगणक आला. आज त्याच घरांत बहुधा तीन यंत्रे नांदतात : दिवाणखान्याच्या कोपऱ्यातला जुना विंडोज संगणक, मुलाचा किंवा मुलीचा महाविद्यालयातून आलेला लॅपटॉप, आणि प्रत्येकाच्या हातातला मोबाइल. तिन्ही यंत्रे एका छपराखाली असतात, पण त्यांची भाषा एक नसते. जुन्यातला कागद नव्यात उघडत नाही, उघडला तर अक्षरे ओळखू येत नाहीत. मग 'नंतर पाहू' म्हणून तो विषय मागे पडतो आणि एके दिवशी जुना संगणक सुरूच होत नाही.

प्रस्तुत लेखाचा हेतू मर्यादित आहे. परस्परांशी न जुळणाऱ्या दोन घरगुती संगणकांमध्ये फाइलींची ने-आण का अडते, ती अडचण जगात प्रथम कशी सोडविली गेली, आणि आज एका छोट्या आज्ञावलीच्या साहाय्याने ती आपोआप कशी करता येते, हे माजी विद्यार्थी व पालक यांना समजावून सांगणे एवढाच तो आहे. यासाठी संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. वसतिगृहाच्या भांडाराची साठानोंदवही ज्याने नीट लिहिली आहे, त्याला यातील सर्व तत्त्वे सहज कळतील.

हा प्रश्न आपला का आहे?

ज्यांच्याकडे वाडे होते, त्यांच्याकडे दप्तरे होती. सनदा, बखरी, वंशावळी जपण्यासाठी त्यांना लेखनिक ठेवता आले. आपल्या समाजाचा लिखित पुरावा मात्र विखुरलेला राहिला : शाळेच्या दाखल-खारीज नोंदीचा उतारा, गिरणीतल्या नोकरीचे ओळखपत्र, विहार समितीच्या इतिवृत्ताची वही, १९५६ च्या ऑक्टोबरात दीक्षाभूमीवर गेलेल्या आजीचे एखादे छायाचित्र. हे कागद जपून ठेवण्याचे महत्त्व नागपूरकरांना वेगळे सांगावयास नको. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या इंग्रजी लेखन-भाषणांचा पहिला खंड महाराष्ट्र शासनाने १९७९ साली प्रकाशित केला. त्या कार्याचे संपादक वसंत मून हे नागपूरचेच. विखुरलेले कागद कोणीतरी चिकाटीने एकत्र आणले, म्हणूनच आज ते खंड आपल्या हाती आहेत.

या प्रश्नाला एक रोखठोक व्यावहारिक बाजूही आहे. अनुसूचित जातींच्या दाखल्यासाठी आणि जातवैधतेसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो. ज्या घरी पणजोबांच्या शाळेचा उतारा सापडतो तेथे काम सुकर होते, आणि ज्या घरी सापडत नाही तेथे प्रवेशाच्या ऐन दिवसांत धावाधाव होते. अनेकांनी असे उतारे दहा-पंधरा वर्षांपूर्वी स्कॅन करून घेतले आहेत. मूळ कागद जीर्ण झाला किंवा हरवला, आणि स्कॅन त्याच जुन्या संगणकात अडकून पडले. स्कॅन हे मूळ कागदाला पर्याय नव्हेत, परंतु मूळ नोंद कोणत्या शाळेत, कोणत्या वर्षी, कोणत्या अनुक्रमांकाला आहे हे त्यांवरून कळते आणि नवा प्रमाणित उतारा मागता येतो. एवढ्या एका कारणासाठीही पुढील विवेचन वाचण्यासारखे ठरावे.

संगणक एकमेकांशी का जुळत नाहीत?

न जुळण्याच्या तीन पायऱ्या आहेत. त्या वेगवेगळ्या ओळखल्या म्हणजे अर्धे काम झाले.

पहिली पायरी माध्यमाची. जुन्या फ्लॉपीत १.४४ मेगाबाइट एवढाच मजकूर मावे, आणि आजच्या लॅपटॉपला फ्लॉपीचे खाचच नाही. सीडीचेही तेच झाले. ही अडचण डोळ्यांना दिसते, म्हणून लोक तिलाच एकमेव अडचण समजतात.

दुसरी पायरी मांडणीची. कपाट एकच असले तरी प्रत्येक भांडारपाल सामान आपापल्या पद्धतीने लावतो, त्याप्रमाणे विंडोज एनटीएफएस नावाची मांडणी वापरते, लिनक्स ईएक्सटी-४ वापरते, आणि पेनड्राइव्हवर बहुधा फॅट-३२ असते. फॅट-३२ मध्ये ४ गिगाबाइटपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही, त्यामुळे लग्नाचे किंवा धम्मपरिषदेचे लांब चित्रीकरण पेनड्राइव्हवर जागा असूनही उतरत नाही. विंडोजमध्ये फाइलीच्या नावात प्रश्नचिन्ह, तारका किंवा विसर्गासारखे दिसणारे दुहेरी टिंब चालत नाही, लिनक्सला ते चालते. लिनक्स इंग्रजी लहान-मोठ्या अक्षरांत भेद करते, विंडोज सामान्यतः करीत नाही. त्यामुळे लिनक्सवर सुखाने नांदणाऱ्या दोन फाइली विंडोजवर एकमेकींवर चढू शकतात.

तिसरी पायरी अक्षरांची, आणि आपणा मराठी माणसांना सर्वांत जास्त नडणारी. तिचा विचार पुढे स्वतंत्रपणे करू.

कोलंबिया विद्यापीठातील 'कर्मिट'

इतिहासाच्या विद्यार्थ्याला या विषयात विशेष गोडी वाटावी अशी एक गोष्ट आहे. १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब न्यूयॉर्कच्या ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, त्याच विद्यापीठात १९८१ साली या प्रश्नाचे एक अत्यंत टिकाऊ उत्तर शोधले गेले.

विद्यापीठात तेव्हा मोठे मध्यवर्ती संगणक होते आणि शेकडो विद्यार्थी त्यांवर काम करीत. परंतु प्रत्येकाच्या वाट्याला येणारी साठवणुकीची जागा तुटपुंजी होती. विद्यार्थ्याने आपले काम स्वतःच्या फ्लॉपीवर उतरवून घ्यावे आणि हवे तेव्हा परत चढवावे, अशी सोय हवी होती. अडचण अशी की मोठा संगणक एका कंपनीचा, छोटा दुसऱ्या कंपनीचा, दोघांची अक्षरांची संकेतपद्धतीही कित्येकदा निराळी, आणि दोघांमध्ये फक्त एक साधी तार. फ्रँक द क्रूझ आणि बिल कॅचिंग्ज यांनी त्यासाठी संवादाचे काही नियम आखले व त्यांना मुलांच्या कार्यक्रमातील एका बेडकाच्या बाहुल्याचे नाव दिले : कर्मिट.

कर्मिटची रीत रजिस्टर टपालासारखी आहे. फाइलीचे लहान लहान तुकडे करावयाचे, मुळात एका तुकड्यात सुमारे ९४ अक्षरेच. प्रत्येक तुकड्याच्या आरंभी खूण, मग लांबी, मग अनुक्रमांक, मग प्रकार, मग मजकूर, आणि शेवटी पडताळणीची बेरीज. घेणारा संगणक बेरीज करून पाहतो. जुळली तर 'पोचले' असे कळवितो, न जुळली तर 'पुन्हा पाठवा' म्हणतो. पोच आल्याशिवाय पुढचा तुकडा निघत नाही. तार खराब असो, मध्येच खरखर होवो, फाइल उशिराने पोहोचेल, पण सहसा बिघडून पोहोचणार नाही.

यापेक्षाही महत्त्वाचे दुसरे तत्त्व आहे. पाठविणारा संगणक आपला मजकूर आपल्या पद्धतीने पाठवीत नाही, आणि समोरच्याच्या पद्धतीनेही पाठवीत नाही. तो आधी एका सर्वमान्य रूपात बदलतो, आणि घेणारा त्या सर्वमान्य रूपातून आपल्या रूपात आणतो. याचा हिशोब मांडून पाहावा. दहा प्रकारचे संगणक असतील आणि प्रत्येकाने प्रत्येकाची भाषा शिकावयाची म्हटले, तर ९० दुभाषे लागतील. सर्वांनी एक सामाईक भाषा मान्य केली, तर प्रत्येकाला जाण्यायेण्याचे दोन, म्हणजे एकूण २० दुभाषे पुरतात. नव्या अकराव्यासाठी आणखी २० नव्हेत, फक्त दोन. यामुळेच कर्मिट शेकडो प्रकारच्या यंत्रांवर पोहोचले. पुढे त्यात आज्ञा लिहून ठेवण्याचीही सोय झाली : क्रमांक फिरव, जोडणी होईपर्यंत थांब, अमुक फाइल आण, जोडणी तोड. माणूस झोपलेला असताना हे काम होऊ लागले. आज्ञावलीने केलेली स्वयंचलित ने-आण ती हीच.

त्याच दशकात भारतातही घरगुती व शालेय संगणक येत होते. शाळांतील संगणक-साक्षरतेच्या 'क्लास' योजनेत १९८४-८५ पासून बीबीसी मायक्रो आले, आणि १९८६ मध्ये डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या भारतीय कंपनीने स्पेक्ट्रम-प्लस बाजारात आणला. या दोहोंवरही कॅसेटच्या फितीवर काम साठविता येत असे, तरी एकाची फीत दुसऱ्याला वाचता येत नसे. सामाईक भाषा नसली म्हणजे काय होते, याचे याहून सोपे उदाहरण नाही.

आजची साधने

आज तारेची जागा घरच्या वाय-फायने घेतली आहे, तत्त्व मात्र तेच राहिले. ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९० च्या दशकात दोन मोफत साधने जगाला दिली. पहिले 'सांबा', ज्यामुळे विंडोजचे सामाईक फोल्डर लिनक्सला दिसतात व लिनक्सचे विंडोजला. दुसरे 'आरसिंक', जे त्यांनी पॉल मॅकेरास यांच्यासह १९९६ साली काढले. आरसिंक दोन ठिकाणच्या फाइलींची तुलना करून जे नवे किंवा बदललेले असेल तेवढेच नेते. विंडोजमध्ये याच कामासाठी 'रोबोकॉपी' हे साधन व्हिस्टापासून आधीच बसविलेले असते. ते विकत घ्यावे लागत नाही, फक्त त्याला आज्ञा लिहून द्यावी लागते.

आज्ञावली म्हणजे क्रमाने लिहिलेल्या सूचनांची एक साधी मजकूर-फाइल. वर्गप्रमुखाला आपण कागदावर कामे लिहून देतो, तशीच. जुना विंडोज संगणक आणि नवा लिनक्स लॅपटॉप अशी जोडी धरली, तर लॅपटॉपवरील आज्ञावलीचा आशय मराठीत असा होईल :

१. आजची तारीख व वेळ नोंदवहीत लिही.
२. जुन्या संगणकाचे सामाईक फोल्डर खरोखर जोडले गेले आहे का ते पाहा. नसेल तर तशी नोंद करून थांब.
३. तेथील जी फाइल येथे नाही किंवा येथल्यापेक्षा नवी आहे, तेवढीच आण.
४. येथली जी फाइल बदलणार आहे, तिची आधीची प्रत पुसू नकोस, तारखेच्या नावाच्या वेगळ्या फोल्डरात हलव.
५. आणलेल्या प्रत्येक फाइलीचा ठसा काढून मूळ फाइलीच्या ठशाशी ताडून पाहा.
६. किती आणल्या, किती अडल्या, ते नोंदवहीत लिहून काम संपव.

प्रत्यक्षात हे दहा-बारा ओळींत बसते. संगणकाची आवड असलेला आपला कोणताही माजी विद्यार्थी एका सायंकाळी ते लिहून देऊ शकेल. तथापि प्रत्येक पायरीमागचे कारण घरमालकाला ठाऊक असले पाहिजे.

दुसरी पायरी वगळली तर अनर्थ ओढवतो. जोडणी झालेली नसताना जुने फोल्डर रिकामे दिसते. आरसिंक किंवा रोबोकॉपीला 'दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या कर' अशी आज्ञा दिलेली असेल, तर ते आज्ञाधारकपणे इकडचेही सर्व पुसून रिकामे करते. म्हणून घरगुती वापरात 'तंतोतंत प्रतिबिंब' ही आज्ञा टाळावी. आणणे आपोआप व्हावे, पुसणे मात्र नेहमी माणसाच्या हाताने व्हावे.

तिसऱ्या पायरीत एक बारीक खाच आहे. फॅट मांडणीत फाइलीची वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यांत नोंदली जाते, एनटीएफएसमध्ये त्याहून कितीतरी सूक्ष्म. त्यामुळे पेनड्राइव्हशी तुलना करताना न बदललेल्या फाइलीही बदलल्यासारख्या दिसतात आणि रोज तेच ओझे वाहिले जाते. 'दोन सेकंदांचा फरक क्षम्य मान' अशी सूचना दोन्ही साधनांत देता येते.

मध्येच वीज गेली तर काय, हा प्रश्न आपल्याकडे स्वाभाविक आहे. आरसिंक येणारी फाइल आधी तात्पुरत्या नावाने लिहिते आणि पूर्ण झाल्यावरच तिला खरे नाव देते. त्यामुळे अर्धवट फाइल पूर्ण समजली जात नाही. पुढच्या खेपेला उरलेले काम होते.

पाचव्या पायरीतील 'ठसा' म्हणजे फाइलीच्या संपूर्ण आशयावरून गणिताने काढलेली एक ठरावीक लांबीची संख्या. आशयात एक टिंब बदलले तरी ठसा पूर्ण बदलतो. कर्मिटच्या बेरजेचे हे प्रौढ रूप होय. विंडोज व लिनक्स दोहोंतही ठसा काढण्याची सोय मुळातच असते.

ही आज्ञावली ठरलेल्या वेळी चालविण्याचे काम विंडोजमध्ये 'टास्क शेड्युलर' आणि लिनक्समध्ये 'क्रॉन' करते. मध्यरात्रीची वेळ ठेवू नये, कारण घरचा संगणक तेव्हा बंद असतो. सायंकाळी, दोन्ही यंत्रे सुरू असण्याच्या वेळी ठेवावी. जुना संगणक विंडोज एक्सपीचा असेल, तर त्याची जोडणीची पद्धत इतकी जुनी व असुरक्षित आहे की नव्या प्रणालींत ती सहसा बंद ठेवलेली असते. तेथे हट्ट न धरता पेनड्राइव्ह वापरावा आणि त्या संगणकाला इंटरनेटपासून दूर ठेवावे.

मराठी अक्षरांचा प्रश्न

फाइल सुखरूप पोहोचली, ठसा जुळला, पण उघडली तर अगम्य इंग्रजी चिन्हांची रांग दिसते. येथे फाइल बिघडलेली नसते. सीताबर्डीच्या डीटीपी केंद्रांत वर्षानुवर्षे श्रीलिपी, आकृती, कृतीदेव यांसारख्या फॉन्टांत मजकूर लिहिला गेला. त्या पद्धतीत संगणकाच्या दृष्टीने फाइलीत इंग्रजी चिन्हांचेच संकेत असतात, फॉन्ट त्यांच्या जागी देवनागरी आकृती दाखवितो. फॉन्ट नसला की मुखवटा गळून पडतो. शिवाय प्रत्येक फॉन्टचा मुखवटा निराळा, म्हणून एकाचा मजकूर दुसऱ्यात वाचता येत नाही. हा ९० दुभाष्यांचाच प्रश्न.

सामाईक भाषेचे प्रयत्न आपल्याकडेही झाले. भारतीय लिपींसाठी 'इस्की' ही संकेतप्रणाली १९८८ मध्ये तयार झाली व १९९१ मध्ये ती राष्ट्रीय मानक बनली. पुण्याच्या सी-डॅकने तिच्या प्रसाराला मोठा हातभार लावला. तिच्याच मांडणीच्या आधारे १९९१ च्या युनिकोडमध्ये देवनागरीला १२८ जागा मिळाल्या. आज मोबाइलवर आपण जे मराठी लिहितो ते युनिकोडच.

जुन्या फॉन्टातून युनिकोडमध्ये जाणे म्हणजे एका चिन्हाऐवजी दुसरे ठेवणे एवढेच नव्हे. जुन्या पद्धतीत अक्षरे दिसतात त्या क्रमाने ठेवली जातात, युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने. 'विहार' लिहिताना जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी आधी आणि 'व' नंतर येतो. युनिकोडमध्ये 'व' आधी. 'वर्ग' या शब्दात जुन्या पद्धतीत रफार 'ग' च्या नंतर येतो, युनिकोडमध्ये पाय मोडलेला 'र' 'ग' च्या आधी. रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीला ही उलथापालथ करावी लागते आणि जोडाक्षरांत ती कधी चुकते. म्हणून रूपांतर यंत्राने करावे, मुद्रितशोधन मात्र माणसानेच.

दोन सावधगिरीच्या सूचना. विंडोजच्या जुन्या नोटपॅडमध्ये मराठी मजकूर साठविताना 'अँसी' हा पर्याय राहिला, तर प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह येते, आणि ती अक्षरे परत मिळत नाहीत. तेथे 'यूटीएफ-८' निवडावे. २०१९ नंतरच्या विंडोज १० मध्ये हा पर्याय आपोआप निवडलेला असतो. दुसरी सूचना आपल्या 'वऱ्हाड'शी निगडित आहे. यातील 'ऱ' युनिकोडमध्ये एक स्वतंत्र अक्षर म्हणूनही लिहिता येतो, किंवा 'र' खाली नुक्ता देऊनही. मॅकची जुनी फाइल-मांडणी पहिल्याचे दुसऱ्यात रूपांतर करीत असे. परिणामी 'वऱ्हाड' नावाच्या दोन फाइली डोळ्यांना एकसारख्या आणि संगणकाला वेगळ्या दिसतात, व आज्ञावली दोन्ही प्रती जपत बसते. फाइलींची नावे साधी ठेवावीत, आरंभी वर्ष-महिना-दिवस या क्रमाने तारीख लिहावी, आणि असे अक्षर नावात टाळावे. मजकुरात ते खुशाल असावे.

पेजमेकरमधील जुन्या अंकांचे काय? २००१ मधील सातव्या आवृत्तीनंतर त्या साधनाची नवी मोठी आवृत्ती निघाली नाही. विहारांच्या, मंडळांच्या व शाळांच्या असंख्य स्मरणिका त्याच स्वरूपात पडून आहेत. ज्या संगणकावर त्या आज उघडतात, त्याच संगणकावर त्यांचे पीडीएफ करून घ्यावे, आणि मूळ फाइल, फॉन्ट, पीडीएफ व युनिकोड मजकूर अशा चारही गोष्टी एका फोल्डरात ठेवाव्यात. दिसणे पीडीएफ जपते, शोधता येणे युनिकोड जपते, आणि शंका आल्यास मूळ फाइल साक्ष देते.

घरासाठी काही नियम

तीन प्रती असाव्यात, दोन वेगळ्या माध्यमांवर, आणि त्यांतील एक घराबाहेर, असा जाणकारांचा प्रघात आहे. घराबाहेरची प्रत बहिणीकडे, भावाकडे, विश्वासू मित्राकडे ठेवता येते. त्या पेनड्राइव्हवर आधार, बँक यांचे कागद असतील तर तो कुलूपबंद म्हणजे सांकेतिक शब्दाने बंद केलेला असावा. प्रत घेतल्यावर बाहेरची डिस्क काढून ठेवावी, कारण सदैव जोडलेली डिस्क संगणकात शिरलेल्या विषाणूच्याही आवाक्यात असते. महिन्यातून एकदा नोंदवही वाचावी आणि कोणतीही एक फाइल परत उघडून पाहावी. परत उघडून न पाहिलेली प्रत ही प्रत आहे असे गृहीत धरता येत नाही.

रामदासपेठेच्या परिसरात दवाखाने, कार्यालये व शिकवणी-वर्ग दाटीने आहेत. आपले अनेक माजी विद्यार्थी आज अशाच ठिकाणी संगणकावरच दिवसभर काम करतात. त्यांना माझी विनंती आहे की पुढच्या सुटीत गावी किंवा वस्तीत जाल, तेव्हा आई-वडिलांच्या जुन्या संगणकासमोर एक दुपार बसावे. काय काय आहे त्याची यादी करावी, वरील सहा पायऱ्यांची आज्ञावली लिहून लावून द्यावी, आणि शेजारच्या विहारातील इतिवृत्ताच्या वहीचे स्कॅन त्याच फोल्डरात टाकावे. शाळेत जे विद्यार्थी आज नववी-दहावीत आहेत त्यांना हे काम शिकविण्यास आपण यावे. संगणकाच्या तासाला खेळण्यापेक्षा पणजोबांच्या शाळेचा उतारा सुखरूप एका यंत्रातून दुसऱ्यात नेणे मुलांना अधिक रस देईल. नोंदवहीत 'सर्व फाइली पोचल्या' अशी ओळ उमटलेली पाहणे हाही एक धडाच आहे.